दोऱ्याचं वजन

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर राजराज चोळाने जे कोरून घेतलं, त्यात राजाची स्तुती आहेच; पण हिशेबाने अडवलेली जागा पाहिली की स्तुती त्यापुढे तोकडी वाटते. देवाला कोणता दागिना वाहिला, त्यात मोती किती, पोवळी किती, सोनं किती, हे सगळं दगडात आहे. वजनात मोती ओवलेला दोरा आणि आत भरलेली लाखही धरली आहे, हेसुद्धा तिथे लिहून ठेवलं आहे. सोनं तोलायच्या दगडालाही नाव आहे, आडवल्लान. मंदिराचा पैसा गावसभांना कर्जाऊ दिला तो कोणत्या दराने, तर एका काशूला वर्षाला अष्टमांश काशू, म्हणजे साडेबारा टक्के. हजार वर्षांपूर्वीचा तो लेखनिक आजच्या एखाद्या विद्यापीठाच्या लेखा विभागात येऊन बसला, तर फायलींची जाडी पाहून तो सुखावेल. पण थोड्याच वेळात विचारेल, यात दोऱ्याचं वजन कुठे आहे?

त्याच मंदिराच्या भिंतीवर 1803 साली तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी भोसले घराण्याची बखर मराठीत कोरून घेतली. तेव्हा त्यांच्या हातात राज्य असं फारसं उरलं नव्हतं. ऑक्टोबर 1799 च्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पागोडे आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढंच राहिलं. राज्य गेलेल्या माणसाने पुढची तीस वर्षं जी खरेदी केली ती मात्र थक्क करणारी आहे. युरोपातून आलेली हजारो पुस्तकं, शस्त्रक्रियेची हत्यारं, देवनागरी खिळ्यांचा छापखाना. इसापच्या गोष्टी 'बाळबोध मुक्तावळी' या नावाने मराठीत याच छापखान्यातून निघाल्या, पुण्या-मुंबईत मराठी छपाईने मूळ धरण्याच्या कितीतरी आधी.

पण आजच्या विषयाला, म्हणजे विद्यापीठांतल्या छोट्या खरेदीला, जवळचं आहे ते त्यांचं एक पत्र. 28 जानेवारी 1801 ला सरफोजींनी तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना आपल्या अन्नछत्रांबद्दल सविस्तर लिहिलं. कोणत्याही जातीचा वाटसरू आला तरी त्याला शिजवलेला भात मिळे. शिजवलेलं चालत नसेल त्याला कोरडा शिधा. हे मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई, की जेवायचं कोणी राहिलं असेल तर त्याने यावं. छत्राला जोडून वेदांचे अध्यापक, एक पंतोजी आणि विषबाधा, सूज वगैरे उतरवणारा वैद्य. परक्या मुलखातल्या वाटसरूंची पोरकी मुलं पंतोजीच्या हवाली असत. त्यांना तीन वेळचं जेवण, ठरल्या दिवशी तेल-न्हाणं, लागेल तेव्हा औषध आणि कपडे मिळत. आजच्या भाषेत सांगायचं तर निवासी शाळा, वसतिगृह आणि दवाखाना एकाच छपराखाली. ओरत्तनाडचं मुक्तांबा छत्र हे सरफोजींच्या छत्रांतलं सगळ्यांत नामांकित.

आता कारकुनी नजरेने पाहू. तेल संपलं, औषधाची मुळी संपली, रात्री अकराला पन्नास यात्रेकरू आले, तर छत्राचा माणूस काय करत असेल? किल्ल्यात मंजुरी टिपणी पाठवून तीन दरपत्रकं येईपर्यंत घंटा थांबवून ठेवत असेल, असं वाटत नाही. छत्रांना गावांचं उत्पन्न नेमून दिलेलं होतं. मर्यादा आधी ठरलेली, खर्च जागच्या जागी, आणि हिशेब मागाहून. त्या काळच्या कारभाराचे मोडी कागद गठ्ठ्यागठ्ठ्यांनी उरले आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, तमिळ विद्यापीठातही आहेत. सरदारांच्या लढायांपेक्षा त्यांत जमाखर्चच जास्त. मोडी शिकायला उत्साहाने बसलेले पुष्कळ जण इथेच गळतात, ही गोष्ट वेगळी.

तर मुद्दा हा, की छोट्या खर्चावर विश्वास आणि मोठ्या शिस्तीने हिशेब, ही जोडी या गावाला परकी नाही. आपल्या उच्च शिक्षणाने मात्र ती मोडून नेमकी उलटी केली आहे.

आजच्या तंजावरात काही किलोमीटरच्या परिघात तीन तऱ्हांच्या संस्था आहेत. 1981 मध्ये स्थापन झालेलं तमिळ विद्यापीठ राज्याचं, त्यामुळे तिथे तमिळनाडूचा 1998 चा निविदा पारदर्शकता कायदा. पुदुक्कोट्टै रस्त्यावरची राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्टेम, केंद्राची. 1972 च्या भात प्रक्रिया संशोधन केंद्रातून ती वाढली, आणि तिला केंद्राचे 2017 चे सामान्य वित्तीय नियम आणि सरकारी खरेदीचं जेम पोर्टल. तिरुमलैसमुद्रमचं शास्त्र विद्यापीठ खासगी, अभिमत. तिथे खरेदीचे नियम विद्यापीठाचे स्वतःचे. तिन्ही ठिकाणी पिपेटच्या टिप्स त्याच, छपाईचा कागद तोच, आणि तो मिळण्याची वाट तीन प्रकारची. मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा इथल्या वाचकाला हे चित्र नवं वाटणार नाही. गावाचं नाव बदललं की झालं.

सरकारी वा अनुदानित संस्थेत छोटी खरेदी कशी होते, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही पाठ असतं. समजा, दोन हजारांचं रसायन हवं आहे. आधी मागणीपत्र. मग विभागप्रमुखाची सही, निधी शिल्लक असल्याचा शेरा, दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश. माल आला की साठा नोंदवहीत नोंद, देयकावर शिक्का, प्रमाणक, लेखा विभाग, आक्षेप, आक्षेपाला उत्तर. दुकानदाराच्या खात्यात पैसे जमा होईपर्यंत कधी ऋतू बदलतो. दुकानदारही खुळा नसतो. सरकारी कॉलेजला माल द्यायचा म्हणजे भांडवल अडकणार, हे तो भावात धरतो. रोखीचा भाव वेगळा, कॉलेजचा वेगळा. हा फरक कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही, कारण तिन्ही दरपत्रकांत तो सारखाच मिसळलेला असतो. लाखेचं वजन सोन्यात धरलं आहे, हे इथे कोणी सांगतच नाही.

मग एक दुसरी वाट निघते. प्राध्यापक किंवा पीएचडीचा विद्यार्थी स्वतःच्या खिशातून पैसे भरतो आणि परताव्यासाठी बिल लावतो. किंवा तसलमात उचलली जाते आणि तिचा हिशेब पुढच्या मार्चपर्यंत लोंबकळतो. ज्याची शिष्यवृत्तीच तीन-तीन महिने थकते, त्या मुलाने विद्यापीठाला बिनव्याजी कर्ज द्यायचं, अशी ही रीत आहे. साडेबारा टक्के राहिले बाजूला.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी यावर जे उत्तर स्वीकारलं त्याला तिथे पी-कार्ड म्हणतात. आपण खरेदी-कार्ड म्हणू. बँक कार्ड देते ते कर्मचाऱ्याच्या नावाने, पण देणं संस्थेचं. प्रत्येक कार्डाला एका व्यवहाराची आणि महिन्याची मर्यादा. कुठे खरेदी चालेल तेही आधी ठरवता येतं, कारण कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला धंद्याप्रमाणे चार आकडी संकेतांक असतो. 5047 म्हणजे वैद्यकीय आणि प्रयोगशाळेचं साहित्य, 5942 म्हणजे पुस्तकं, हे चालू. 5944 म्हणजे जवाहिरे, 5813 म्हणजे मद्यालय, 6011 म्हणजे एटीएममधून रोकड, हे बंद. महिनाअखेर कार्डधारकाने प्रत्येक ओळीपुढे पावती आणि कारण जोडायचं, आणि त्याच्या हाताखाली नसलेल्या दुसऱ्या माणसाने ते वाचून सही करायची. दुकानदाराला पैसे दोन-तीन दिवसांत मिळतात, त्यामुळे भावात वाट पाहण्याचं भाडं धरावं लागत नाही. तिथे बँका उलाढालीवर संस्थेला थोडी सूटही देतात. मात्र तिच्या मोहाने खर्च वाढवणं म्हणजे आवळा घेऊन कोहळा देणं.

अमेरिकी संघराज्य सरकारने 1980 च्या दशकाअखेर ही पद्धत देशभर सुरू केली. 1994 च्या कायद्याने अडीच हजार डॉलरपर्यंतची खरेदी स्पर्धात्मक दरांशिवाय करायला मुभा दिली. 2018 नंतर ती मर्यादा दहा हजारांवर गेली. गडबडी झाल्याच. 2001 च्या सुमारास सॅन डिएगोतल्या नौदलाच्या दोन तुकड्यांची कार्डं तपासणाऱ्या सरकारी लेखापरीक्षकांना घरगुती वस्तूंची खरेदी आणि बेफिकीर सह्या सापडल्या. पुढे 2012 मध्ये कार्डांच्या गैरवापराविरुद्ध वेगळा कायदाच करावा लागला.

पण याहून बोलकी गोष्ट येल विद्यापीठाची. तिथल्या वैद्यकीय विद्यालयाच्या आपत्कालीन विभागात खर्च पाहणाऱ्या एका प्रशासक बाईंना दहा हजार डॉलरपर्यंतच्या खरेदीला वरची मंजुरी लागत नव्हती. 2013 पासून 2021 पर्यंत त्यांनी टॅब्लेट आणि संगणकांच्या ऑर्डरी दहा हजारांच्या आत बसतील अशा तुकड्यांत पाडल्या, माल परस्पर विकला आणि पैसे स्वतःच्या कंपनीकडे वळवले. आठ वर्षांत चार कोटी डॉलर. 2022 मध्ये त्यांना नऊ वर्षांची कैद झाली. इथे फसवणूक झाली ती कार्डाने नव्हे, साध्या खरेदी आदेशांनी. आणि आपत्कालीन विभागाला इतके टॅब्लेट लागतात तरी कशाला, असं आठ वर्षांत पुरेशा गांभीर्याने विचारलं गेलं नाही. आधीचं कुंपण होतं. नंतर बघणारा डोळा नव्हता.

उलट टोकाचं उदाहरणही ताजं आहे. फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस अमेरिकी सरकारने काटकसरीच्या नावाखाली आपल्या बहुतेक कार्डांची मर्यादा एक डॉलरवर आणली. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापरातल्या वस्तू मागवणं अडलं. भ्रष्टाचार रोखला म्हणायला हरकत नाही. दुकान बंद केलं की चोरी होत नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: आपल्या नियमांत हे बसत नाही. इथेच घोडं पेंड खातं, कारण नियमांत ते बऱ्यापैकी बसतं. सामान्य वित्तीय नियमांतला 154 वा नियम पाहा. 2017 मध्ये पंचवीस हजारांपर्यंतच्या खरेदीला दरपत्रकाची गरज नाही असं त्यात आलं. अट एवढीच, की सक्षम अधिकाऱ्याने सही करून सांगावं: वस्तूचा दर्जा, विक्रेत्याची विश्वासार्हता आणि भावाचा रास्तपणा यांबद्दल मी स्वतः समाधानी आहे. म्हणजे एका नावाच्या माणसावर विश्वास आणि त्याच माणसावर जबाबदारी. खरेदी-कार्ड म्हणजे याच नियमाचं प्लास्टिक. आणि येलच्या गोष्टीवरचा उताराही इथेच आहे; वरच्या मंजुरीतून सुटण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नयेत, असं 157 वा नियम बजावतो. नियम लिहिणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता.

जून 2025 मध्ये केंद्राच्या व्यय विभागाने विज्ञान आणि संशोधन संस्थांसाठी ही सवलत आणखी वाढवली. दरपत्रकांविना खरेदीची त्यांची मर्यादा एक लाखावरून दोन लाख झाली, खरेदी समितीची पंचवीस लाखांपर्यंत गेली, आणि जेमबाहेरची खरेदी मंजूर करण्याचा अधिकार संचालक-कुलगुरूंना मिळाला. चांगलं झालं. पण यातून मोकळं झालं ते ठरवण्याचं काम. पैसे देण्याची वाट तीच राहिली: देयक, प्रमाणक, आक्षेप, प्रतीक्षा. केंद्राच्या अनेक योजनांचा पैसा आता शून्य शिलकीच्या खात्यांतून किंवा थेट रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांतून फिरतो. सरकारी पैसा बँकेत नुसता पडून राहू नये हा त्यामागचा हेतू योग्य आहे. त्याचा दुसरा परिणाम असा, की 31 मार्चला न वापरलेली मर्यादा मावळते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रयोगशाळा गरज नसलेलंही विकत घेतात. वर्षभर दोन हजारांच्या बाटलीसाठी दहा सह्या, आणि मार्चएंडला वीस लाखांचं यंत्र एका बैठकीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. तंजावरच्या बाजारातला छोटा दुकानदार कार्डाचं यंत्र ठेवत नाही. पण काउंटरवर क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतोच. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. ऑगस्ट 2024 मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये एका खात्यावरून दुसऱ्या माणसाला मर्यादेत खर्च करू देता येतो. पूर्ण मुभा दिली तरी एका वेळी पाच हजार आणि महिन्याला पंधरा हजार. घरातल्या वयस्कर माणसांसाठी, मुलांसाठी ही सोय निघाली. पण आकडे पाहिले तर एखाद्या लहान विभागाच्या सादिल खर्चाशी त्यांचं माप बरंच जुळतं. म्हणजे तंत्र खिशात आहे. विद्यापीठाच्या नावाने ते वापरायची लेखासंहिता तेवढी नाही.

आणि एक अगदी देशी अडचण: ओटीपी. आपल्याकडे ऑनलाइन व्यवहाराला दुसरी खात्री बंधनकारक आहे, आणि ती सहसा मोबाइलवर येते. कार्ड संस्थेचं, मोबाइल प्राध्यापकाचा, प्राध्यापक परिषदेसाठी गुवाहाटीत, आणि इथे प्रयोगशाळा सहायक फोन लावून आकडे विचारतोय. अशाने कार्ड नावाला एकाचं आणि हाताळणीला पाच जणांचं होतं, आणि व्यक्तिगत जबाबदारी तिथेच संपते. म्हणून कार्डं थोडी नकोत, पुष्कळ हवीत. प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावाने वेगळी आणि लहान मर्यादेची. विभागाला मिळून एक मोठं कार्ड ही सगळ्यांत वाईट रचना.

लेखा विभागांची भीती मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. आक्षेप निघाला की निवृत्तिवेतन अडतं ते लेखाधिकाऱ्याचं. कार्ड घासून मोकळ्या झालेल्या संशोधकाचं नव्हे. त्यामुळे प्रत्येक कागदावर आणखी एक सही मागणं हा त्याच्या दृष्टीने शहाणपणाच असतो. ही भीती जायची तर जबाबदारी खरोखर सरकली पाहिजे. 154 व्या नियमाखाली ज्याने सही केली, विचारणा त्यालाच व्हावी, आणि लेखा विभागाचं काम प्रत्येक पावती अडवण्याचं नसून महिन्याच्या यादीत विसंगती हुडकण्याचं असावं. एकाच दुकानात एका आठवड्यात मर्यादेच्या जेमतेम आतली चार बिलं, सुट्टीच्या दिवशी झालेली खरेदी, एकाच वस्तूची दोन विभागांत वेगळी किंमत. संगणकाला हे काढायला काही मिनिटं लागतात. ते वाचून प्रश्न विचारायला मात्र माणूस लागतो, आणि विद्यापीठांनी नवी पदं भरायचीच असतील तर ती इथे भरावीत.

सुरुवात तंजावरातूनच का होऊ नये? राज्याची, केंद्राची आणि खासगी अशा तीन तऱ्हांच्या संस्था जवळजवळ आहेत, म्हणजे तुलना आयतीच. प्रत्येकीने दोन विभाग निवडावेत, एक प्रयोगशाळेचा आणि एक पुस्तकांचा. वर्षभर पंचवीस हजारांच्या आतली खरेदी कार्डाने किंवा यूपीआयने करावी. मागणीपासून वस्तू हातात येईपर्यंत किती दिवस लागले, भाव आधीपेक्षा किती उतरला, किती पावत्या हरवल्या, हे लिहून ठेवावं आणि दर महिन्याची यादी विभागाच्या फळ्यावर लावावी. संशोधक विद्यार्थ्यांइतके चिकित्सक लेखापरीक्षक फुकट मिळत नाहीत. कोणत्या मार्गदर्शकाने कोणतं पेन किती रुपयांना घेतलं, हे त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

मुंबई असो की तंजावर, सार्वजनिक विद्यापीठात खरेदी समिती असतेच, आणि तिचा बराच वेळ किरकोळ बाबींवर जातो. पंचवीस हजारांच्या आतलं सगळं तिच्या टेबलावरून उठलं, तर पन्नास लाखांच्या यंत्राची निविदा ती नीट वाचू शकेल. त्या यंत्राचा देखभाल करार पाच वर्षांत किती खाणार, सुटे भाग एकाच कंपनीकडे मिळतात का, तंत्रज्ञ चेन्नईहून येणार की परदेशातून, हे प्रश्न आज बैठक संपत आल्यावर, चहाबरोबर निघतात.

एक बारीक तरतूद पहिल्याच दिवशी करावी लागेल. विद्यापीठ सोडणाऱ्याच्या ना-देय प्रमाणपत्रावर ग्रंथालय, वसतिगृह, प्रयोगशाळा असे रकाने असतात. तिथे कार्डाचा एक रकाना वाढवावा. निवृत्तीच्या दिवशी सकाळी कार्ड बंद, दुपारपर्यंत शेवटच्या महिन्याचा ताळमेळ, आणि मगच शाल-श्रीफळ.